बॉनेटवरचं शुभचिन्ह

दसऱ्याला आमच्या गाडीला जेवढा मान मिळतो, तेवढा मला वाढदिवसालाही मिळत नाही. त्या दिवशी आधी तिची आंघोळ, मग माझी. झेंडूचा हार, आपट्याची पानं, चाकांखाली लिंबं. आणि सगळ्यात शेवटी आई जिना उतरून खाली येते आणि स्वतःच्या हातानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते. अनामिकेनं. त्या अनामिकेत माझ्या आजीची अंगठी असते. तिचा एक काटा गेली पंधरा वर्षं वर आलेला आहे. तो शालीत अडकतो, वेणीत अडकतो, भाजीच्या पिशवीत अडकतो. ‘सोनाराकडे नेऊ या’ हे वाक्य आमच्या घरात ‘एकदा गोव्याला जाऊ या’ इतकंच जुनं आहे.

यंदा तो काटा बॉनेटमध्ये अडकला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुतली. कुंकू गेलं, हळद गेली, स्वस्तिकाच्या सगळ्या रेघा गेल्या. एक मात्र जाईना. चार बोटं लांब, टोकाला काटकोनात वळलेली, अगदी रेखीव. आईचा हात अजून स्थिर आहे याचा आनंद मानायचा की काय, ते कळेना.

बायकोला खाली बोलावलं.

“कुठाय?”

“अगं ही काय. इथे अशी वाक, डावीकडून बघ, ट्यूबलाइट तुझ्या पाठीमागे आली पाहिजे.”

ती वाकली, बघितलं, सरळ झाली. “मग असं वाकून बघू नकोस,” म्हणाली आणि वर गेली. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा सर्वात शहाणा सल्ला. फुकट होता, म्हणून मी तो घेतला नाही.

आईचं म्हणणं तर त्याहून निराळं. “असू दे की. शुभचिन्ह आहे, कायमचं राहिलं. आणि दसऱ्याचं स्वस्तिक पुसायला निघालायस?” म्हणजे आता नुसता रंगाचा प्रश्न राहिला नाही, धर्मसंकट उभं राहिलं.

खरी अडचण होती भाऊबीज. नाशिकला बहिणीकडे जायचं होतं. आमच्या मेहुण्यांची गाडी नऊ वर्षं जुनी आहे आणि सीटवरचं प्लॅस्टिक निघून फार तर तीन वर्षं झाली असतील. ते आलेल्या पाहुण्याच्या गाडीभोवती आधी एक चक्कर मारतात आणि मग ‘या, या’ म्हणतात. त्यांना वाकायला सांगावं लागत नाही.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याला फोटो पाठवला. “बॉनेट पूर्ण मारावं लागेल, अठ्ठावीसशे.” चार बोटांच्या रेघेसाठी अख्खं बॉनेट? तर म्हणाला, मधेच ठिगळ दिसतं साहेब. विम्याचाही विचार करून पाहिला. पण आमच्यासारख्या लहान इंजिनाच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात, आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, एका अंगठीपायी घालवायची! त्यापेक्षा आपणच करू. हे ‘आपणच करू’ आमच्याकडे आनुवंशिक आहे. वडिलांनी एकदा असंच मिक्सर दुरुस्त केला होता. तो अजून माळ्यावर आहे.

मग मी अभ्यास केला. मोबाइलवर, रात्री एक वाजेपर्यंत. आणि मला गाडीच्या कातडीविषयी फार आदर वाटायला लागला. कारखान्यात म्हणे अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून वीज सोडतात, म्हणजे कानाकोपऱ्यात थर बसतो. त्यावर आणखी एक प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी किती, तर साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५०चा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन भरतो. म्हणजे ज्या चकाकीवर आपण एवढे भाळतो, ती एका केसाहूनही पातळ. मी डोक्यावरून हात फिरवला. उरलेले केस एकदम जाडजूड वाटायला लागले.

आणि एक परीक्षा कळली. रेघेवरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा, घासून जातो. अडकलं तर तो खोल, बहुधा खाली रंगापर्यंत गेलेला, नुसतं घासून उपयोग नाही. सकाळी पहिल्यांदा नख फिरवलं. अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. किंचित अडकल्यासारखं झालं. तेव्हा मी नखच कापून आलो, आणि मग कुठे अडकेना.

पुण्यात पार्किंगमध्ये गाडीपुढे उकिडवा बसलेला माणूस म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. दहा मिनिटांत सल्लागार मंडळ जमलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “टूथपेस्ट. पांढरी घ्या, जेलवाली नको.” वॉचमन मामा म्हणाले, “खोबरेल तेल चोळा, गायब होतंय.” एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, “काका, गाडीच बदला ना आता.” त्याच्याकडे आम्ही सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केलं.

तेलानं खरंच गायब झालं! मी टाळीच वाजवणार होतो. पण ती सगळी प्रकाशाची फसवाफसवी. खाचेत तेल भरलं की तिथं प्रकाश विखुरत नाही, म्हणून रेघ दिसत नाही. संध्याकाळपर्यंत त्या तेलावर समोरच्या बांधकामाची धूळ बसली, आणि सकाळी जी बारीक चंदेरी रेघ होती ती ठसठशीत काळी झाली. आता तिसऱ्या मजल्यावरूनही दिसत होती. बायकोला वाकावं लागलं नाही.

टूथपेस्टचा प्रयोग मात्र शास्त्रशुद्ध. तिच्यात दात घासायला जी बारीक पूड असते, ती क्लिअर कोटही थोडा घासते. फक्त मी तो ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी दोन वाजता केला. तापलेल्या बॉनेटवर पेस्ट पसरायच्या आत सुकली. खरवडावी लागली. दोन दिवस गाडीला पुदिन्याचा वास येत होता.

रविवारी शेवटी नाना पेठेत गेलो. तिथं गाडीचा असा एकही भाग नसेल जो मिळत नाही, फक्त काय हवंय ते एका श्वासात सांगता आलं पाहिजे.

“ओरखडा आहे हो, बॉनेटवर, म्हणजे फार नाही...”

“कंपाऊंड देऊ? रफ का फाइन?”

“तुम्ही काय सुचवाल?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि घासून चकाकी आणायची ती मलमं दोन्ही दिली. शिवाय पाण्याचे पॉलिश पेपर: १५००, २०००, ३०००चे (आकडा मोठा तितका पेपर मऊ), दोन-दोन. मास्किंग टेप. पुसायला मऊ फडकी. निघताना सहज म्हणाला, “कलर नाही ना उडाला? नाहीतर टचअप घेऊन जा, परत चक्कर नको.” रंग चंदेरी सांगितल्यावर म्हणाला, “कोड?” मी भर रस्त्यात बॉनेट उघडून, मोबाइलचा दिवा लावून, इंजिनाशेजारच्या पट्टीवरचा कोड वाचला. झेड टू एस. सिल्की सिल्व्हर. सहा वर्षं मी जिला ‘पांढरट ग्रे’ म्हणत आलो तिचं इतकं गोड नाव!

आता मुख्य विधी. पेपर पाण्यात भिजत घालायचा, पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा, टेप लावून रेघेची चौकट करायची आणि हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासायचं. हलक्या हातानं हे सगळेच सांगतात. हलका म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. पहिल्यांदा पेपरखालून दुधासारखं पांढरं पाणी आलं. हे बरोबर, हा क्लिअर कोट निघतोय. पुसलं, तर तिथला चकाकता भाग धुकं पडल्यासारखा झालेला, आणि रेघ मात्र जवळजवळ नाहीशी! काय सांगू, त्या क्षणी मला वाटलं आपण नोकरी करून आयुष्य वाया घालवलं. एवढ्यावर थांबून ३०००चा पेपर आणि मग कंपाऊंड मारलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण वळणापाशी, जिथं आईनं काटकोन साधला होता, तिथं अजून जरा दिसत होतं. म्हटलं, दोनच हात.

पाचव्या हाताला पाणी राखाडी आलं.

काही क्षण मला वाटलं पेपरचा रंग जातोय. मग लक्षात आलं, पेपर काळा आहे, राखाडी आपली गाडी आहे. क्लिअर कोट संपून मी सिल्की सिल्व्हरमध्ये उतरलो होतो. मी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. काका गॅलरीतच होते. “पांढरीच वापरली होती ना?” त्यांनी वरून विचारलं.

टचअपची बाटली नेलपॉलिशसारखीच, तसाच इवलासा ब्रश. (पहिल्या सरावासाठी बायकोचं चंदेरी नेलपॉलिश वापरलं. तिला नवीन आणून दिलं आहे, विषय संपला आहे.) चंदेरी रंगाची मेख अशी, की त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. कारखान्यात तो फवारतात तेव्हा त्या चकत्या सपाट, शिस्तीत बसतात. ब्रशनं लावला की त्याच चकत्या एसटीच्या रांगेसारख्या वाटेल तशा पडतात. म्हणून रंग तोच, कोड तोच, पण समोरून पाहिलं की डाग काळपट आणि बाजूनं पाहिलं की भलताच उजळ. पूर्वी रेघ एकाच कोनातून दिसायची. आता एकही कोन वाया जात नव्हता.

यावर उपाय काय, तर वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा स्प्रे. तोही आणला. दिवाळी सुरू झाली होती, पण भाऊबीज चार दिवसांवर. संध्याकाळी वारा पडल्यावर मी तीन पातळ हात मारले. खरं सांगायचं तर दोन पातळ आणि एक जाड. टेपच्या पलीकडे, वर्तमानपत्राच्या फटीतून, शेजारच्या मडगार्डवरही थोडा तुषार उडाला. पण एकंदरीत चमक अशी आली की मी चार पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून स्वतःवरच खूश झालो. रात्रभर सुकू द्यायचं, हात लावायचा नाही. वॉचमन मामांना बजावून वर गेलो.

जेवायला बसलो आणि खाली बी विंगच्या मुलांनी दहा हजारांची माळ लावली.

सकाळी आम्ही सगळे खाली उतरलो. लॅकर छान कडक सुकलं होतं. त्यात फटाक्यांच्या लाल कागदाचे बारीक कपटे पक्के रुतून बसले होते, नेमके त्या चौकटीत, ओंजळीनं उधळल्यासारखे. कुणी काही बोलेना. आईनं चष्मा पुसला, पुढं होऊन नीट पाहिलं आणि हात जोडले.

“बघ,” म्हणाली, “कुंकू परत आलं.”

नाशिकला आम्ही एसटीनं गेलो. मेहुणे स्टँडवर घ्यायला आले होते. गाडी का नाही आणली विचारलं, मी पेट्रोलच्या भावाबद्दल बोललो.

परत आल्यावर गाडी त्या अठ्ठावीसशेवाल्याकडे नेली. त्यानं काही न विचारता बॉनेटवरून तळहात फिरवला, डॉक्टर पोट तपासतात तसा. कपट्यापाशी थांबला. नखानं टोकरून पाहिलं. मग मडगार्डवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

“आता दोन पॅनेल. छप्पन्नशे.”

“बरं.”

“साहेब, मधे कुणी हात घातला यात?”

“होता एक ओळखीतला.”

“पैसे दिले त्याला?”

मी मनातल्या मनात बेरीज केली. कंपाऊंड, पेपर, टेप, फडकी, टचअप, स्प्रे, नेलपॉलिश. “अठराशे सत्तर.”

“फसवलं तुम्हाला,” तो म्हणाला. “परत उभा करू नका त्याला गाडीजवळ.”

मी मान हलवली. मागं बायको उभी होती. तिला एकदम खोकल्याची उबळ आली.