मी नाही घेतली तर दुसरा घेईल

आज संध्याकाळी हर्णै बंदरावरच्या लिलावात तळहातात मावतील एवढ्याशा पापलेटांच्या टोपल्या एकामागून एक विकल्या गेल्या, आणि तेव्हापासून माझा संताप उतरलेला नाही. बोली लावणाऱ्या एका व्यापाऱ्याला मी विचारले, ही पिल्ले घेताना काहीच वाटत नाही का? त्याने शांतपणे उत्तर दिले, "ताई, मी नाही घेतली तर दुसरा घेईल." त्यात उर्मटपणा नव्हता आणि लाजही नव्हती.

याच पापलेटाला शासनाने 2023 मध्ये राज्यमासा घोषित केले आहे. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडू नये, असा नियमही आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा विकणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे आहे, हे किनाऱ्यावर कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही नौकामालक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी हॉटेलवाल्याकडे, आणि हॉटेलवाला म्हणतो की पर्यटकाला थाळीत अख्खे पापलेट हवे असते आणि तेही स्वस्तात, म्हणून लहानच घ्यावे लागते. नफा प्रत्येक जण स्वतःच्या खात्यात जमा करतो, दोष मात्र बाजाराच्या नावावर टाकतो. "दुसरा घेईल" म्हणणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की त्या दुसऱ्याच्या तोंडीही हेच वाक्य आहे.

डिझेल, बर्फ आणि खलाशांना दिलेली उचल यांचा बोजा मोठा असतो, हे मान्य. पण एलईडी दिव्यांनी मासे आकर्षित करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातल्यानंतरही नौकेवर जनरेटर चढवून, एलईडीचा झगझगाट करून, थव्यांच्या थव्यांनी मासळी उपसणाऱ्यांनी पोटाचे कारण सांगू नये. त्या दिव्यांना भांडवल लागते. ती निव्वळ हाव आहे, आणि तिला व्यवसाय म्हणून मान देणारे आपणच आहोत.

लिलावातून उधारीवर एखादी टोपली उचलून बाजारात बसणाऱ्या मावशींवर मात्र मला रागावता येत नाही. त्यांनी ती टोपली नाकारली, तर त्या दिवशी घरात पैसा येत नाही. "मी नाही घेतली तर दुसरा घेईल" हे वाक्य त्यांच्या तोंडी असते, तर मी गप्प बसले असते. पण आजचा व्यापारी एका बोलीत डझनभर टोपल्या उचलत होता, आणि त्याच्या बोलीवर भाव ठरत होता. ज्याच्या हातात नाकारण्याची ताकद जास्त, त्याच्यावर जबाबदारीही जास्त.

दापोली, मुरुड, कर्दे, आंजर्ले या भागात हॉटेल आणि घरगुती खानावळ चालवणारे माझे बरेच मित्र ही पोस्ट वाचतील. लहान पापलेटाची थाळी बंद करा, त्याऐवजी बांगडा द्या, आणि पिल्ले घेणार नाही हे तुमच्या व्यापाऱ्याला याच आठवड्यात स्वतः फोन करून सांगा.