ऑफसाइडच्या नियमाबाबत खुलासा

‘चेंडू मिळाला त्या वेळी खेळाडू बचावपटूंच्या पुढे असला की ऑफसाइड’ असा संदेश सांगलीतील फुटबॉलप्रेमींच्या मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर रेषेवर झेंडा धरून सहाय्यक पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या आपल्याच मुलांवर ओरडले जाते, म्हणून हा खुलासा. फुटबॉलच्या नियमावलीतील नियम 11 (ऑफसाइड) नुसार जागा पाहायची ती सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी. तेव्हा मैदानाच्या प्रतिस्पर्ध्यांकडील अर्ध्या भागात, चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे डोके, धड किंवा पाय असेल (हात धरत नाहीत) आणि तेथून खेळाडूने खेळात भाग घेतला, तरच दोष. पासच्या क्षणी बचावपटूच्या बरोबरीने उभा असलेला आघाडीपटू नंतर पाच पावले पुढे धावला, तर ती त्याची चपळाई होय. थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हाताने फेक), कॉर्नर (कोपऱ्यातून किक) वा गोल किकवरून (बचाव करणाऱ्या संघाने आपल्या गोलसमोरून मारलेली किक) थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतेच.