वाळता वाळेना

संत्र्यात शेकडा ८५च्या आसपास पाणीच असतं. म्हणजे किलोभर संत्री वाळवायची तर पाऊण किलोहून जास्त पाणी घराबाहेर हाकलायचं. आणि त्या पाण्याला जायची जराही घाई नसते.

सुरुवात चकत्यांपासून. ‘पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या, एकसारख्या कापा’ असं सगळे सांगतात. सांगायला काय जातंय! माझी चकती एका टोकाला पारदर्शक आणि दुसऱ्या टोकाला चांगली गुबगुबीत. पातळ बाजू करपायला लागते, तरी जाड बाजू रसात डुंबतेच आहे. बिया काढायला गेलं की मधला गरही सोबत निघून येतो. त्या भोकांना मी ‘नक्षी’ म्हणते.

ओव्हन ९०-१०० अंशांवर लावायचा, वाफ जायला दार किंचित उघडं ठेवायचं, अधूनमधून चकत्या उलटायच्या आणि तासन् तास वाट बघायची. ही वाट बघणंच आमच्या घराला झेपत नाही. सालीतल्या तेलाचा वास सुटला की एकेक जण येतो, दार सताड उघडतो, बोटाने चकती दाबतो आणि “अजून ओलीच आहे” असा निकाल देऊन निघून जातो. सोबत ओव्हनमधली उष्णताही जाते. “अगं, वाढव की जरा!” हा नवऱ्याचा कायमचा सल्ला. वाढवलं तर वरून कडक पापुद्रा धरतो, पाणी आतच कोंडतं आणि साखर काळवंडते, हे त्याला किती वेळा सांगायचं!

खरी गंमत पुढेच. गरम चकती मऊच लागते. झाली की नाही, ते गार झाल्यावर कळतं. म्हणून एक काढायची, गार करायची, वाकवून बघायची. आमच्याकडे वाकवलेला नमुना थेट लेकाच्या तोंडात जातो. “आई, नीट कळलं नाही, अजून एक दे.” ट्रेमधला माल घटतो तो काही नुसता बाष्पीभवनाने नव्हे.

उरलेल्या चकत्या बरणीत. आठवडाभर रोज हलवायच्या. काचेवर आतून दमटपणा दिसला की पुन्हा ओव्हनमध्ये, नाहीतर बुरशी ठरलेली. हे ऐकल्यापासून नवरा बरणीला नाक लावून पहारा देतोय. परवा ओरडला, “धुकं! धुकं आलं!” मी धावत गेले, फडक्याने काच पुसली. धुकं बाहेरून होतं, त्याच्याच श्वासाचं.

तोवर त्याने ओव्हन लावलेलाही होता. दीडशेवर.