आयपीएल ‘दोनच संघांची’ नाही: करंडक मोजून समतोल कळत नाही

‘आयपीएल म्हणजे मुंबई आणि चेन्नई, बाकीचे आठ संघ नुसते भरतीला. 18 हंगामांत 10 करंडक दोघांनीच नेले. लिलाव, खर्चाची मर्यादा हा सगळा देखावा. ज्याच्याकडे पैसा त्याचा करंडक.’ हा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. त्यातला आकडा खरा आहे: 2025 पर्यंत दोघांचे पाच-पाच. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी करंडकांचं बघू. मुंबईचे पाचही करंडक 2013 ते 2020 या आठ वर्षांतले. 2017 ते 2021 सलग पाच वर्षं करंडक या दोघांतच फिरला आणि हा समज तेव्हा घट्ट झाला. पुढे 2022 ला गुजरात, 2023 ला चेन्नई, 2024 ला कोलकाता, 2025 ला बंगळुरू. याच काळात मुंबई 2022 आणि 2024 मध्ये तळाला होती, चेन्नई 2025 मध्ये. शिवाय करंडक ठरतो तो शेवटच्या चार सामन्यांत, म्हणजे पहिल्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये. साखळीतले 70 सामने त्या मोजणीत येतच नाहीत.

ते 70 सामने मोजायची रीत आहे. रॉजर नॉल आणि जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखलं जाणारं गुणोत्तर साधा प्रश्न विचारतं: प्रत्येक सामन्याचा निकाल नाणं उडवून लावला असता, तर तक्ता जितका पसरला असता त्यापेक्षा खरा तक्ता किती जास्त पसरलाय? 14 सामन्यांच्या साखळीत नाणेफेकीचं प्रमाण विचलन (संघ सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) 1.87 विजय येतं. आता 2024 चा तक्ता घ्या. गुण 20, 17, 17, मग चार संघ 14 वर, खाली 12, 10, 8. दोन गुणांचा एक विजय धरून हिशेब केला तर विचलन 1.66, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी. तीन सामने पावसात गेले, त्यानेही तक्ता थोडा सपाट झाला, हे खरं. पण एकही सामना न बुडालेल्या 2022 मध्येही ते 1.95 होतं, गुणोत्तर जेमतेम 1.04.

14 गुणांवरच्या त्या चौघांतून बंगळुरू पुढे गेली, तीही पहिल्या आठपैकी सात सामने हरून, मग सलग सहा जिंकून. 18 मे 2024 ला याच बंगळुरूविरुद्ध चेन्नईला जिंकायला 219 हव्या होत्या, पण धावगतीच्या जोरावर प्लेऑफसाठी 201 पुरेशा होत्या. शेवटच्या षटकात त्यासाठी 17 हव्या होत्या. धोनीने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर तो बाद झाला आणि चेन्नई 191 वर थांबली. दहा धावांनी हंगाम हुकला. असा तक्ता ‘दोनच संघांच्या’ लीगचा नसतो.

पैशाचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला मर्यादा एकच, 120 कोटी. लखनौने ऋषभ पंतवर 27 कोटी लावले आणि सातवा क्रमांक मिळवला.

मग दाव्यात काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. सगळे संघ अगदी बरोबरीचे असते तर दोघांना पाच-पाच करंडक मिळणं फार अवघड होतं. चेन्नई 2008 ते 2019 या काळात जितके हंगाम खेळली, त्या प्रत्येकात पहिल्या चारांत होती. दुसऱ्या टोकाला पंजाब: 2014 ला अंतिम फेरी आणि नंतर 2024 पर्यंत सलग दहा हंगाम प्लेऑफ नाही. एका हंगामातला तक्ता सपाट असतो, पण वर कोण आणि खाली कोण हे कित्येक वर्षं फारसं हललं नाही. समतोलाच्या या दोन वेगळ्या बाजू आहेत आणि नॉल-स्कलीत दुसरी दिसतच नाही.

लिलावाचे समर्थकही इथे घाई करतात. तक्ता सपाट आहे म्हणून श्रेय लिलावाचं, असं सरळ म्हणता येत नाही. वीस षटकांच्या खेळात एका चांगल्या षटकाने सामना फिरतो आणि 14 सामन्यांत ताकदीतला फरक पुरता उघड व्हायला वेळच मिळत नाही. लिलावाची खरी परीक्षा वर्षावर्षांतल्या हालचालीत आहे: तळाचा संघ तीन-चार वर्षांत वर येतो का? खेळाडू टिकवून ठेवायचे नियम, आधीच तयार असलेला गाभा आणि कर्णधार-प्रशिक्षकांची सततची अदलाबदल, पंजाबच्या त्या दहा वर्षांचं कारण शोधायचं तर इथे शोधायला हवं.