'लाभधारक' म्हणजे कोण?

सांगलीत समाजशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राने परवा फोनवर ठामपणे सांगितले की, विरचना (डीकन्स्ट्रक्शन), म्हणजे शब्दांत दडलेली गृहीते उघडी करणारी वाचनपद्धती, ही पॅरिसमध्ये जन्मलेली विद्या शब्दांची सालपटे काढत बसते आणि जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. त्याची तळमळ मला समजते. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

माझी मुलगी २०१४ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे जन्मली, तरीही डच सरकारच्या आकडेवारीत ती 'अपाश्चात्य आलोख्तोन', म्हणजे परक्या मुळाची, होती. आईवडिलांपैकी एकाचा जरी जन्म परदेशात झाला असेल, तरी मूल आलोख्तोन, अशी व्याख्या होती. त्यात पुन्हा पाश्चात्य आणि अपाश्चात्य असे दोन भाग, आणि जपान व इंडोनेशिया हे देश चक्क पाश्चात्यांत. नकाशा पाहून याचा उलगडा होत नाही. इंडोनेशियातून आलेले बहुतेक जण जुन्या डच वसाहतीत जन्मलेले होते, म्हणजे वर्गवारीला भूगोलाचे नाव होते आणि आत वसाहतीचा इतिहास होता. हा शब्द १९७१ मध्ये एका समाजशास्त्रीय अहवालातून आला आणि २०१६ मध्ये सरकारने तो सोडला. आपल्याच शास्त्राने घडवलेला शब्द उसवून पाहण्याची सवय समाजशास्त्राला हवी, हे मी तेव्हा शिकलो. शब्द गेल्याने आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवणे थांबले नाही, हेही तितकेच खरे.

ही विद्या परकी आहे, हे म्हणणे तर मला अजिबात पटत नाही. विरचनेचे प्रवर्तक, फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा स्वतः अल्जेरियात वाढले आणि १९४२ मध्ये ज्यू असल्यामुळे शाळेतून काढले गेले. त्यांच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त वामनावताराची कथा उलट बाजूने वाचली आणि पाताळात ढकललेल्या बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले. पुढे शतकभराने, ऐंशीच्या दशकात, आमच्या खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी येरळा नदीवर स्वतः बांधलेल्या धरणाला बळीराजाचेच नाव दिले.

त्या धरणाच्या मागची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाटबंधारे खात्याच्या भाषेत 'लाभधारक' म्हणजे ज्याची जमीन लाभक्षेत्रात, म्हणजे प्रकल्पाचे पाणी पोहोचते त्या भागात, आहे तो. ज्याला जमीन नाही, त्याला पाणीही नाही, हे त्या शब्दात न बोलता गृहीत धरलेले असते. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा, असे म्हणणाऱ्यांनी ते गृहीतच उघडे केले. विरचना याहून वेगळे काय करते? पण तेवढ्यावर ते थांबले असते, तर पाणी कोणालाच मिळाले नसते. नदीतील वाळू विकून पैसे उभे करावे लागले, पाणी मोजावे लागले, कुटुंबे मोजावी लागली. सगळेच पाठ्य, म्हणजे वाचून उलगडायची संहिता, आहे, असे म्हणून मोजमापालाच संशयित ठरवणारे अभ्यासक मी येथे नेदरलँड्समध्ये पाहतो, तेव्हा मित्राचा राग मला रास्त वाटतो. येणाऱ्या जनगणनेतील जातींच्या नोंदीबद्दलही माझे मत हेच आहे: रकाना कोणी, कशासाठी आखला हे जरूर तपासावे, पण मोजणी सोडू नये.

मी मित्राला सुचवले आहे की, पुढच्या सत्रात त्याने विद्यार्थ्यांना 'लाभधारक' हा एकच शब्द उसवायला द्यावा आणि त्याच आठवड्यात त्यांना बळीराजा धरणाच्या बलवडी गावी नेऊन पाणीवाटपाचा हिशेब मांडायला लावावा.