'काही विचारू नका, फक्त वाचा' हा सल्ला या पुस्तकाला मानवत नाही

मे 2023 मध्ये एका जपानी ॲनिमेच्या चाहत्यानं ट्विटरवर चार ओळी टाकल्या. हे पुस्तक वाचा, त्याविषयी आधी काहीही शोधू नका, दोनशेच पानं आहेत, आत्ताच्या आत्ता वाचा. चार वर्षांपूर्वीची, 2019 ची लघुकादंबरी बघता बघता ॲमेझॉनच्या पहिल्या दहा खपाच्या पुस्तकांत जाऊन बसली. अमल अल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांची 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर'. पुस्तक हजारो नव्या वाचकांपर्यंत गेलं याचा मनापासून आनंद आहे. पण 'काहीही शोधू नका' या अर्ध्या वाक्यानं त्याचं नुकसानही केलं, असं माझं ठाम मत आहे.

कारण नाव वाचून माणूस युद्धकथा समजून आत शिरतो, आणि आत असतो दोन हेर बायकांचा पत्रव्यवहार. रेड ही यंत्रांच्या बाजूची, एजन्सीची. ब्लू ही झाडाझुडपांच्या, सजीवांच्या बाजूची, गार्डनची. दोघी काळात मागेपुढे फिरून छोटे छोटे बदल करतात, म्हणजे शतकांनंतर आपली बाजू जिंकेल. युद्ध का सुरू झालं, काळात प्रवास नेमका कसा होतो, हे पुस्तक सांगतच नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून वगळलंय. ही एवढी कल्पना वाचकाला आधी दिली तर गोष्टीतलं काहीच फुटत नाही आणि पहिली तीसेक पानं सुसह्य होतात. बहुतेकजण पुस्तक खाली ठेवतात ते तिथंच.

एक-तारा प्रतिक्रिया मी पंचतारांकित प्रतिक्रियांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचते. 'अप्रतिम, रडले' यातून पुढच्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. 'काही कळलं नाही' यातून लागू शकतं, पण काय कळलं नाही ते सांगायला हवं. जग कळलं नाही, कोण बोलतंय ते कळलं नाही, की वाक्यच कळलं नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

जग कळलं नाही, तर पुढे जात राहा. काळाचे धागे, म्हणजे इतिहासाच्या वेगवेगळ्या शक्यता, आणि त्यांची वेणी एवढं चित्र डोक्यात ठेवलं की भागतं. वहीत कालरेषा काढायला बसलात तर हमखास अडकाल, कारण एका प्रकरणातला काळ पुढच्यात बहुधा परत येत नाही.

कोण बोलतंय ते कळलं नाही, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. रेडची बाजू ग्लॅडस्टोननं लिहिली, ब्लूची अल-मोहतारनं. दोन हात असूनही मधल्या पत्रांत दोघींचा सूर इतका जवळ येतो की सही पाहावी लागते. प्रेमात माणसं एकमेकांसारखी बोलू लागतात, असं त्याचं समर्थन चाहते करतात. मला ते अर्धंच पटतं. यावर उपाय ऑडिओचा. सिंथिया फॅरेल आणि एमिली वू झेलर अशा दोन वाचिका आहेत, चार तासांच्या आसपास ऐकून होतं आणि आवाजावरून पत्र कुणाचं ते लगेच कळतं. तोटा एकच, मागं जाऊन एखादी ओळ पुन्हा शोधणं त्यात जिकिरीचं होतं.

आणि मागं जाण्याची सोय इथं लागतेच. मांडणी बघा: आधी एका हेराची कामगिरी, मग तिला सापडलेलं पत्र, आणि मग एक छोटा परिच्छेद, ज्यात तिच्या मागावर असलेलं कुणीतरी येतं आणि पत्राचं उरलंसुरलं गोळा करतं. घाईत वाचणारे नेमका हाच परिच्छेद ओलांडून जातात आणि मग 'शेवट अचानक आला' म्हणतात. कामगिरी, पत्र, माग, हा फेरा एका बैठकीत पुरा करा, मध्ये थांबू नका.

पत्रंसुद्धा कागदावरची थोडीच. पहिलं कागदावर आहे, वर एकच ओळ, वाचण्याआधी जाळा. पुढचं एक उकळत्या पाण्यात वाचायचं, एक झाडाच्या खोडातल्या वलयांत. वलयांत अक्षर उमटवायचं तर झाड वर्षानुवर्षं वाढू द्यावं लागतं, म्हणजे लिहिणारीनं तेवढा काळ त्या झाडावर खर्च केलेला असतो. 'भाषा फार नटवी' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. इतक्या खटपटीनं पाठवलेलं पत्र कुणी सरकारी टिपणासारखं लिहील का? तरी काही ठिकाणी उपमांची रेलचेल होते, हे मान्य. अशा जागी एक पत्र मोठ्यानं वाचून बघा. बरीच वाक्यं कानाला पटतात. तिथंही अडखळलात, तर हे पुस्तक तुमचं नाही, खुशाल सोडा.

आपल्याकडून हमखास येणारा प्रश्न असतो, 'यात विज्ञान कुठंय?' नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं 'कृष्णविवर' पाठवली, तेव्हापासून विज्ञानकथेत विज्ञान कण्यासारखं असावं असं आपण मानत आलो. सवय चांगली आहे. फक्त ही विज्ञान-अद्भुतिका आहे, म्हणजे विज्ञानाचा पेहराव घातलेली कल्पनारम्य कथा, तिला तो निकष लावू नका. आणि 'हे फक्त समीक्षकांना आवडतं' म्हणणाऱ्यांसाठी: ह्युगो आणि नेब्युला ही या प्रकारच्या साहित्याची मोठी पारितोषिकं; लघुकादंबरीचं ह्युगो वाचक-चाहत्यांच्या मतांवर ठरतं, नेब्युला लेखकांच्या. हिला दोन्ही मिळाली.

कुणाला हे पुस्तक देणार असाल तर एवढंच सांगा: पत्रं आहेत, प्रेम आहे, युद्धाचं कारण मिळणार नाही, चार पत्रं होईपर्यंत खाली ठेवू नकोस. आणि अर्ध्यात सोडलंत तर कितव्या पानावर आणि कशामुळे, ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.