पंखा पाचवर, मांडीवर गोधडी

गोव्यात थंडी पडत नाही, जाहीर होते. तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, उरकली की पहाटेचा पारा एकवीस-बावीसवर येतो आणि पोदेर, म्हणजे पाववाला, कानटोपी घालून सायकलचा भोंपू वाजवत दारात येतो. ती कानटोपी हाच जाहीरनामा. दुपारी पारा पुन्हा तेहेतीसवर जातो, पण त्याकडे कोणी बघायचं नाही असा अलिखित करार आहे. या दोन आकड्यांमधल्या फटीत आम्हाला गोधडी शिवायची असते.

दुसरा मुहूर्तच नाही. जून ते सप्टेंबर कपाट उघडलं की कापडाआधी बुरशीचा वास बाहेर येतो. ऑक्टोबरात घामाने सुई बोटातून निसटते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, झालं की नाताळापर्यंत घरात पाहुण्यांची वर्दळ, आणि पाहुण्यांच्या पायाखाली टाचण्या पसरणं बरं दिसत नाही. म्हणून कार्तिकातला हा एकच आठवडा. लोक त्याला आरामाचा आठवडा म्हणतात. हे लोक गोधडी पांघरणारे असतात, शिवणारे नव्हेत.

पहिला दिवस साड्या निवडण्यात जातो. गोधडीला जुनी सुती साडी लागते. जुनी म्हणजे मऊ, विरलेली नव्हे. साडी उजेडावर धरायची. बसून बसून मागचा भाग आणि घड्या पडून पडून घडीच्या रेषा आधी विरतात, तिथून उजेड झिरपतो. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणायचं. ‘चर्र’ असा आवाज आला तर त्या साडीची जागा लादी पुसायच्या बादलीत. आणि टेरिकॉट कितीही सुंदर असलं तरी नको. ते घाम पीत नाही, शिवताना खालच्या थरावरून घसरतं आणि रात्री अंगावरूनही. घरातलं प्रत्येक माणूस मात्र नेमकी टेरिकॉटचीच साडी आणून देतं, कारण सुती साड्या ‘अजून नेसायच्या’ असतात.

निवडलेल्या साड्यांतली खळ धुऊन काढावी लागते. खळ म्हणजे कसरीला आयतं जेवण, आणि आमच्या हवेत कसर भरपूर. तांबडी किंवा काळी साडी असेल तर पांढरा ओला रुमाल घासून बघायचा. रुमाल गुलाबी झाला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती साडी वेगळी धूत राहायचं. नवं मांजरपाट वापरायचं असेल तर तेही रात्रभर भिजवून, वाळवून घ्यायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, जुनी साडी आटत नाही, आणि गोधडीला वाळलेल्या आमसुलासारख्या सुरकुत्या पडतात.

आता हिशेब. शाळेत गणितात नापास झालेल्यांनी इथे लक्ष द्यावं. पास झालेले आधीच चुकलेले असतात. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. पन्हा ४७-४८ इंच. काठ काढले की ४५. काठ काढायचेच. तिथली वीण दाट असते, सुई अडते, आणि जरीचा धागा असेल तर दोरा कापला जातो. साडी मधोमध आडवी फाडली की १०८ इंचांचे दोन तुकडे. दोन साड्यांचे चार. आपल्याला हवी साठ बाय नव्वदची गोधडी. पहिला थर : एक अख्खा तुकडा आणि दुसऱ्यातले १५ इंच. दुसरा थर : दुसऱ्यातले उरलेले ३० आणि तिसऱ्यातले ३०. तिसरा थर : तिसऱ्यातले उरलेले १५ आणि चौथा अख्खा. दोन साड्यांत तीन थर, कापडाची चिंधीसुद्धा वाया नाही. प्रत्येक जोडात अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणून रुंदी ५९ भरते. खरी गंमत अशी की तिन्ही थरांचे जोड आपोआप वेगवेगळ्या जागी येतात : एक डावीकडे, एक मधे, एक उजवीकडे. जोडावर जोड आला तर तिथे कणा तयार होतो आणि झोपणाऱ्याला तो रात्रभर टोचतो.

लांबीत उरलेल्या अठरा-अठरा इंचांतून गोटाच्या, म्हणजे कडेला शिवायच्या, पट्ट्या निघतात. घाटमाथ्यावर पाच-सहा थर घालतात म्हणे. घालोत. आम्हाला तीन पुरतात, आणि तिसराही अब्रूसाठी.

आडवं कापड फाडता येतं : काठाला कात्रीने छेद दिला की ते धाग्याला धरून सरळ फाटतं. उभं फाडायला जाऊ नये, जुन्या साडीचा ताणा थकलेला असतो. त्या दिशेला एक धागा ओढून काढायचा आणि उरलेल्या रेषेवर कात्री चालवायची. आमच्याकडची तांबड्या चौकड्यांची कुणबी साडी असेल तर रेषा विणलेलीच मिळते. पण हातमागाची जुनी कुणबी साडी गोधडीत घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी घरातली सगळ्यांत मोठी जमीन ताब्यात घ्यायची. खुर्च्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, माणसं स्वयंपाकघरात. खालचा थर उलटा पसरून कडा चिकटपट्टीने लादीला चिकटवायच्या. सुरकुती जाईल इतपतच ताणायचं. जास्त ताणलं तर पट्टी काढताच तो थर आक्रसतो आणि वरचे दोन ढिले पडतात. त्यावर मधला, त्यावर वरचा. तळहाताने मधून बाहेर, मधून बाहेर असं सारवल्यासारखं फिरायचं. मग चार-चार बोटांवर कच्चे टाके, तेही मधूनच सुरू करून कडांकडे. कडेकडून मधे आलात तर सगळी ढिलाई मधे जमते आणि तिथे भाकरीसारखा फुगा येतो. तो फुगा कच्च्या टाक्यांत दिसत नाही. पक्के टाके चाळीस ओळी झाल्यावर दिसतो.

या नियमाला अपवाद करणारे लोक आपल्या शेजारीच आहेत. यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, ती कडेपासून सुरू करून गोल गोल आत येत. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि इथून निसटून घाट चढलेल्या माणसांचं रक्त त्या समाजात आहे. त्यांचा फुगा येत नाही, कारण त्या आधी सगळं पसरून ठेवत नाहीत. ठिगळ लावत, दुमडत, शिवतच पुढे सरकतात आणि ढिलाई पुढे ढकलत नेतात. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, आणि फुलाशिवायची कवंदी म्हणजे उघडी समजतात. माझे कोपरे बघितले तर त्यांना काय वाटेल याचा विचार मी टाळते.

तिसऱ्या दिवसापासून धावदोरा. हा भाग लोकांना ‘किती शांत वाटत असेल नाही’ वाटतो. दोन ओळींत एक बोट अंतर, म्हणजे पाऊण इंच. ५९ इंचांत ७८ ओळी, प्रत्येक ९० इंचांची. एकूण १७८ मीटर शिवण. इंचाला चार टाके धरले तर अठ्ठावीस हजार. दोरा हातापासून कोपरापर्यंतच घ्यायचा, जेमतेम दीड फूट. आळसाने लांब घेतला की तो पीळ खातो आणि गाठी स्वतःहून बसतात. गाठ मारायला आणि शेवट लपवायला दोन्हीकडून गेलं की पंधरा इंच कामाचे उरतात. ओळीला सहा दोरे. म्हणजे अख्ख्या गोधडीला चारशे अडुसष्ट वेळा सुईत दोरा ओवणे. हे लग्नाआधी कोणी सांगत नाही.

म्हणून सकाळच्या उजेडात सात सुया एकदम ओवून, दोऱ्यावरून मेण फिरवून उशीवर टोचून ठेवायच्या. सात म्हणजे सात, मोजून. सुई बारीक घ्यायची. दाभण पोत्यांसाठी असतो, त्याने साडीला भोकं पडतात. गाठ थरांच्या मधे ओढून घ्यायची : हलका झटका, ‘टुक’ आवाज, गाठ आत. झटका जोरात दिला तर गाठ आत जाऊन दुसरीकडून बाहेर येते. वरच्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान. खालच्या हाताच्या बोटाला काहीच नाही, कारण सुई खाली पोचली हे त्या बोटालाच कळायला हवं. आणि ते त्याला कळतं. रक्ताचा ठिपका पडला तर थंड पाणी, ताबडतोब. गरम पाण्याने तो कायमचा बसतो.

आमच्या खाऱ्या हवेचा ठिपका वेगळा. सुई रात्रभर कापडात खुपसून ठेवली की सकाळी तिथे गंजाचा तपकिरी टिळा. त्यावर बिंबलाचा रस चोळतात आणि गंज जातोही, कारण त्यातलं आम्ल तीव्र असतं. तेवढंच ते सुतालाही खातं, म्हणून लगेच धुवावं. माशाच्या आमटीत पडणारं फळ गोधडीवर आणलं की स्वयंपाकघरातून एक नजर येते. ती सहन करावी.

एक ओळ वीस मिनिटांत होते. अठ्ठ्याहत्तर ओळी म्हणजे सव्वीस तास. रोज साडेसहा तास, चार दिवस. हे गणित बसतं, पण मांडीवर तीन थर साडी आणि बाहेर तेहेतीस अंश असताना साडेसहा तास माणूस बसत नाही. पंखा पाचवर लावला तर कापड उडतं. दोनवर ठेवला तर आपण शिजतो. तीन हा आकडा आमच्या रेग्युलेटरवर नावापुरता आहे. आणि जी बाजू शिवून सपाट झाली, नेमक्या त्याच बाजूवर मांजर येऊन बसतं. त्याला अर्धवट काम आवडत नाही.

शेजारच्या मावशी रोज डोकावतात. “कितें गो, अजून सोंपली ना?” आणि मग, “मशीनवर घाल की सरळ!” मशीनवर घालता येते. सोळा नंबरची सुई, टाका तीन मिलिमीटरच्या वर. पण मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा दाबपट्टीखाली मागे रेंगाळतो. ओळीच्या शेवटी वरचं कापड दोन बोटं जास्त उरतं आणि त्याची चुणी पडते. त्यासाठी वेगळी पट्टी मिळते, वरूनही कापड चालवणारी. ती असली तरी गोधडीची गुंडाळी मशीनच्या बगलेतून पलीकडे न्यावी लागते, आणि ती बगल टीचभर. शिवाय सगळं जमून आलं की वीज जाते.

सातव्या दिवशी गोट. घेर २९८ इंच, कोपरे आणि जोड धरून सव्वातीनशे इंच पट्टी हवी. अडीच इंच रुंद, पंचेचाळीस लांब अशा आठ पट्ट्या. जोड तिरके घालायचे म्हणजे एका जागी जाडी येत नाही. पट्टी उभी दुमडून दुहेरी करायची, कारण कडच आधी झिजते. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे शिवण थांबवायची, पट्टी सरळ वर दुमडायची, मग खाली आणायची, आणि तिथून पुन्हा सुरू. पाव इंचाऐवजी कडेपर्यंत शिवत गेलात तर घडी वळत नाही आणि कोपरा मोदकासारखा वर येतो. पहिला कोपरा मोदक होतो. दुसरा करंजी. तिसरा कोपरा होतो. चौथ्याच्या वेळी रात्रीचे साडेअकरा झालेले असतात आणि तो कसाही झाला तरी तो पायाकडचा असतो.

मग धुणं. ओली गोधडी एका दोरीवर टाकू नये, मधे झोळ पडून टाके ताणले जातात; दोन दोऱ्यांवर खाटेसारखी पसरावी आणि दंव पडायच्या आत घरात घ्यावी. रात्री ती पलंगावर येते. पंखा आता निर्धास्त पाचवर, कारण पांघरायला गोधडी आहे.

दिवा मालवण्याआधी सुया मोजायच्या. उशीवर सहा असतात.

माणसं उठवली जातात. फ्रीजवरचा नारळाच्या झाडाचा चुंबक काढून गोधडीवर इंच-इंच फिरवला जातो : आधी मधे, मग कडा, मग पलंगाखाली, मग मांजर. चौथ्या कोपऱ्यापाशी चुंबक ‘टक’ करून चिकटतो. दुमडीच्या आत, दोन पदरांच्या मधे. उसवायला कात्री लागते, आणि ती, गोधडी घालण्यासाठी सरकवलेल्या पलंगाच्या मागे पडलेली असते.